भिंतीआधी तिच्यासमोरचा फुटपाथ: दिव्यांगांवरचं भित्तिचित्र नाशिकमध्ये करताना

दिव्यांगांच्या हक्कांवर भित्तिचित्र काढायचं ठरलं की नवीन मंडळी थेट रेखाटनाला बसतात. त्याआधी भिंत शोधायची असते, आणि भिंत पसंत करण्याआधी तिच्यासमोरचा फुटपाथ मोजायचा असतो. व्हीलचेअरला जागच्या जागी वळायला दीड मीटर मोकळी जागा लागते. फुटपाथवर चढायचा उतार 1:12 चा हवा, म्हणजे 15 सेंटिमीटर उंचीला 1.8 मीटर लांबी. दुचाकी घुसू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमध्ये 90 सेंटिमीटरचं अंतर नसेल तर व्हीलचेअरही आत येत नाही. कॉलेज रोडवरची भिंत सकाळी बघून ठरवू नका. संध्याकाळी जा, समोर गाड्या किती लागतात ते मोजा. ज्यांच्यासाठी चित्र काढलं त्यांनाच तिथं पोचता आलं नाही, तर ते चित्र खोटं पडतं.

गोदाघाटाचा मोह सगळ्यांनाच होतो. पण नाशिककर पूर मोजतात तो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी किती चढलं त्यावरून, आणि त्याच्या आसपासच्या भिंती पावसाळ्यात पाण्यात असतात. सिंहस्थाच्या निमित्तानं रुंदीकरणाची कामं निघतात, त्यामुळे भिंत पाडली जाणार नाही ना, हे महापालिकेकडून लेखी घ्या. परवानगी भिंतीच्या मालकाची. सार्वजनिक भिंत विनापरवाना रंगवली तर मालमत्ता विद्रूपणाचा 1995 चा कायदा लागतो, हेतू कितीही चांगला असला तरी.

आता चित्रात काय असावं. हात पसरलेली केविलवाणी माणसं नकोत, आणि डोंगराच्या टोकावर झेंडा रोवणारा एकांडा शूरही नको. मिसळीच्या टेबलापाशी व्हीलचेअरवरून गप्पा मारणारी मैत्रीण, पंचवटीच्या बाजारात भाजी निवडणारा अंध माणूस, असं रोजचं जगणं दाखवा. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाही त्यात येतात, जे चेहऱ्यावर दिसत नाहीत. सगळे एका भिंतीवर कोंबू नका. तीन-चार प्रसंग पुरेत.

रेखाटनात ठरावीक चुका होतात. अंध माणसाची पांढरी काठी म्हाताऱ्याच्या आधारकाठीसारखी उभी काढली जाते. खरं तर ती साधारण छातीपर्यंत लांब असते, शरीराच्या मध्यापासून तिरकी पुढे जाते आणि टोक पावलाच्या पुढे जमिनीला टेकलेलं असतं. व्हीलचेअर दवाखान्यातली, मागून ढकलायची काढतात. स्वतः चालवणाऱ्याचे हात चाकाच्या कडीवर असतात. सांकेतिक भाषेतली खूण हालचालीशिवाय अर्धीच राहते, म्हणून कर्णबधिर माणसाला समोर उभं करून खूण करायला सांगा आणि मगच हात काढा. ही तपासणी पेन्सिलच्या टप्प्यावर हवी. सल्ल्याला येणाऱ्यांचं मानधन, रिक्षाभाडं आणि दुभाष्याचा खर्च अंदाजपत्रकात रंगाच्याही वर लिहा. फुकट सल्ला घेऊन समावेशाचं चित्र काढू नये.

भिंतीची तयारी दसऱ्यानंतर सुरू केली की 3 डिसेंबरचा दिव्यांग दिन गाठता येतो. दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवा. आतून दव धरलं तर भिंत अजून ओली आहे, थांबा. लोणा (ओलीमुळे येणारे पांढरे क्षार) फुटलेला भाग कोरड्या ब्रशनं झाडून ओल कुठून येते ते आधी शोधा. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे निघतात. 8 बाय 30 फुटांच्या भिंतीला प्रायमर अडीच-तीन लिटर आणि पायाच्या रंगाचे दोन हात द्यायला चार-पाच लिटर बाहेरचं इमल्शन धरा. खडबडीत गिलाव्याला जास्त. पश्चिमेच्या भिंतीवर भडक लाल-पिवळे लवकर उडतात, ऑक्साइडचे टिकतात. शेवटचा क्लिअर कोट मॅट घ्या, चमक आली की कमी दृष्टीच्या माणसाला काहीच धड दिसत नाही. रंगसंगतीचा फोटो काढून फोनवर काळा-पांढरा करून बघा. अक्षरं पार्श्वभूमीत विरघळली तर रंग बदला.

हातानं वाचायचा उठावाचा पट्टा जमिनीपासून 80 ते 120 सेंटिमीटरमध्ये ठेवा, उठाव 3 ते 6 मिलिमीटर, कडा घासून गोल केलेल्या. धातूचे मोठे पत्रे टाळा, एप्रिलच्या उन्हात हात ठेववत नाही.

सर्वात जास्त घोळ ब्रेलचा. रंगानं काढलेले ठिपके म्हणजे ब्रेल नव्हे. भिंत मोठी म्हणून ब्रेलही मोठं करतात, तेही चूक: एक अक्षर बोटाच्या टोकाखाली एकदम यावं लागतं. ठिपक्यांत अडीच मिलिमीटर, अक्षर ते अक्षर 6, ओळ ते ओळ 10, उंची साधारण अर्धा मिलिमीटर. 'नाशिक' लिहायला पाच घरं (एका अक्षराच्या ठिपक्यांची जागा म्हणजे एक घर) लागतात: न, आ, श, इ, क. पूर्ण शब्द जेमतेम तीन सेंटिमीटरचा. छापील अक्षरात ऱ्हस्व वेलांटी 'श'च्या आधी दिसते, ब्रेलमध्ये ती 'श'नंतर येते. डोळ्यानं बघून उतरवणारा नेमका इथं फसतो. दुसरा फसवा प्रकार पाटीचा. हातानं ब्रेल लिहायच्या पाटीवर कागद ठेवून ठिपके उजवीकडून डावीकडे टोचतात आणि कागद उलटून वाचतात. टोचायच्या बाजूनं नक्कल केली तर अख्खा मजकूर आरशातला होतो. म्हणून ब्रेलची पट्टी सिमेंटात घडवू नका, ब्रेल छापणाऱ्यांकडून करून घ्या आणि भिंतीला ठोकण्याआधी अंध वाचकाकडून मोठ्यानं वाचून घ्या.

क्यूआर कोड लावणार असाल तर त्याला बोटाला लागेल अशी उंच चौकट करा आणि ती ब्रेल पट्टीच्या शेजारीच ठेवा, नाहीतर अंध माणसानं तो शोधायचा कसा? ध्वनिवर्णन दोन मिनिटांचं, मराठीत, चित्राच्या डावीकडून उजवीकडे. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा व्हिडिओ, खाली मजकुरासह.

प्रत्येक रंगाचा पाव लिटर घट्ट झाकणाच्या बरणीत शेड नंबर लिहून ठेवा, पत्रकं खरवडल्यावर लागतो. उद्घाटनाला पायऱ्यांचं स्टेज बांधू नका. फुटपाथवरच सगळे एका पातळीवर उभे राहा, आणि फीत बांधायची असेल तर व्हीलचेअरवरून हात पोचेल इतक्या उंचीवर.