जुन्या बेसबॉल कार्डांवर मोठी रक्कम कशी खर्च करावी

समजा, जुनी अमेरिकन बेसबॉल कार्डे, म्हणजे खेळाडूंची चित्रे छापलेली संग्राह्य कार्डे, घेण्यासाठी तुम्ही ५०,००० डॉलर, म्हणजे ४० लाख रुपयांहून अधिक रक्कम, बाजूला काढली आहे. एवढ्या पैशात एकच मोठे कार्ड घ्यावे, पाच-सात चांगली घ्यावीत, की शंभर लहान घ्यावीत, हे पहिल्या लिलावाच्या आधी कागदावर ठरले पाहिजे. बोली लागल्यावर घेतलेला निर्णय बहुधा समोरच्याच्या हट्टाला दिलेले उत्तर असते.

पहिली पायरी : हातात खरोखर किती पैसे आहेत ते मोजा

लिलावगृहे अंतिम बोलीवर खरेदीदाराकडून वेगळे शुल्क घेतात आणि ते सुमारे २० टक्के किंवा त्याहून जास्त असते. त्यावर राज्याचा विक्रीकर लागतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी संग्राहकाचे उदाहरण घेतले, तर २० टक्के शुल्क आणि ६.६२५ टक्के विक्रीकर धरून ५०,००० डॉलरच्या रकमेतून प्रत्यक्ष बोली सुमारे ३९,००० डॉलरचीच लावता येते. दागिन्याच्या घडणावळीसारखाच हा खर्च विकताना परत मिळत नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षांसाठीच पैसे गुंतवायचे असतील, तर हा मार्ग मुळात सोयीचा नाही.

दुसरी पायरी : एक कालखंड निवडा

‘जुने’ या शब्दात फार मोठा काळ येतो. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या, संग्राहक ज्याला टी-२०६ म्हणतात त्या संचात पाचशेहून अधिक लहानखुरी कार्डे आहेत. १९३३ साली गाउडी कंपनीने च्युइंगगमबरोबर दिलेल्या २४० कार्डांच्या संचात विख्यात खेळाडू बेब रूथची एकट्याची चार कार्डे आहेत. १९५२ सालच्या टॉप्स कंपनीच्या ४०७ कार्डांच्या संचापासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कार्डांच्या संग्रहाची खरी चर्चा सुरू होते. या तिन्हींमध्ये थोडे-थोडे पैसे टाकण्यापेक्षा एका काळाची छपाई, कागद आणि किमती नीट ओळखून घेणे शहाणपणाचे, कारण ओळख असलेल्या संचातच डोळा फसत नाही.

दुर्मिळता आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथेच समजून घ्यावे. १९५२ च्या टॉप्स संचातील ३११ ते ४०७ क्रमांकांची कार्डे हंगाम सरत आल्यावर बाजारात आली आणि फारशी खपली नाहीत. उरलेला साठा पुढे १९६० च्या सुमारास अटलांटिक समुद्रात टाकून दिल्याचे टॉप्सचे साय बर्जर यांनी सांगितले आहे. ३११ क्रमांकाचे खेळाडू मिकी मँटलचे कार्ड याच भागातले असले, तरी छपाईच्या पत्रकावर ते दोनदा होते, म्हणजे शेजारच्या अनेक कार्डांपेक्षा ते अधिक छापले गेले. शिवाय ते मँटलचे पहिले कार्डही नाही. त्याचे पहिले कार्ड बोमन कंपनीच्या १९५१ च्या संचातले आहे. तरीही बाजार १९५२ च्या कार्डालाच कितीतरी जास्त मोजतो. किंमत लोकांच्या ओढीने ठरते. छपाईचा आकडा तिला फक्त हातभार लावतो.

तिसरी पायरी : आधी कार्ड, मग ग्रेड

सर्वाधिक पैसे वाया जातात ते येथे. ग्रेडिंग कंपन्या कार्डाची अवस्था १ ते १० या मापावर ठरवतात (हीच ग्रेड) आणि कार्ड प्लॅस्टिकच्या बंद पेटीत घालून देतात. वरच्या टोकाला अर्ध्या गुणासाठीही किंमत अनेक पटींनी वाढते. याच मँटलची ९.५ ग्रेडची प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकली गेली. तेच कार्ड १ किंवा २ ग्रेडमध्ये त्या रकमेच्या एका टक्क्याहूनही कमी किमतीत मिळते. म्हणून सामान्य खेळाडूचे ८ ग्रेडचे कार्ड घेण्यापेक्षा थोर खेळाडूचे ३ किंवा ४ ग्रेडचे कार्ड घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र एकाच ग्रेडच्या दोन प्रतीही सारख्या नसतात. एकीचे कोपरे तीक्ष्ण असतात, पण चित्र एका बाजूला सरकलेले असते. दुसरीचे कोपरे गोलावलेले असतात, पण चित्र मधोमध आणि रंग ताजे असतात. दुसरी प्रत घ्यावी. मागच्या बाजूचा डाग ग्रेड खाली आणतो, पण पुढचा चेहरा तसाच राखतो. अशी कार्डे शोधण्यात संग्राहकाचे कसब आहे. चेहऱ्यावरून गेलेली घडी मात्र कितीही स्वस्तात मिळाली तरी नको.

चौथी पायरी : खरेपणा तपासा

एवढ्या रकमेत ग्रेड न केलेले कार्ड घेऊ नये, पण प्लॅस्टिकच्या बंद पेटीलाही ब्रह्मवाक्य मानू नये. १९९१ साली पीएसए या ग्रेडिंग कंपनीने ग्रेड केलेले पहिलेच कार्ड, टी-२०६ मधले होनस वॅग्नरचे सर्वांत गाजलेले कार्ड, आपण कडा कापून नीटनेटके केले होते, अशी कबुली लिलावकर्ता बिल मास्ट्रो याने २०१३ मध्ये दिली. प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळावा आणि तेथे छायाचित्र असेल तर ते समोरच्या कार्डाशी जुळवून पाहावे, कारण बनावट पेटीवरही खरा क्रमांक छापता येतो.

आकार हीदेखील सोपी कसोटी आहे. १९५२ चे मूळ टॉप्स कार्ड २⅝ × ३¾ इंचांचे आहे, तर कंपनीनेच १९८३ मध्ये काढलेली पुनर्मुद्रित आवृत्ती २½ × ३½ इंचांची. युद्धपूर्व कार्ड अतिनील दिव्याखाली निळसर पांढरे चमकले, तर त्या कागदात नंतरच्या काळातले उजळविणारे रसायन आहे, असे समजून मागे व्हावे.

पाचवी पायरी : भाव ठरवा आणि रक्कम वाटा

त्याच कार्डाच्या, त्याच ग्रेडच्या मागील वर्षभरातील प्रत्यक्ष विक्रीच्या किमती काढाव्यात; विक्रेत्याने मागितलेला भाव हिशेबात धरू नये. करोनाकाळात किमती झपाट्याने चढल्या आणि नंतर अनेक कार्डांच्या उतरल्या, म्हणून प्रत्येक किमतीशेजारी तारीख लिहावी.

वाटणीसाठी मला आवडणारी एक कल्पना, एका कालखंडाच्या नियमाला अपवाद असली तरी, १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, प्रथम निवडलेल्या पाच जणांची आहे : टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. कॉब, मॅथ्यूसन आणि जॉन्सन टी-२०६ मध्ये घ्यावेत आणि रकमेचा सर्वांत मोठा वाटा गाउडीच्या रूथसाठी ठेवावा. वॅग्नरचे टी-२०६ कार्ड २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना गेले, तेव्हा तो विचार सोडून त्याच काळात कॅरमेलच्या गोळ्यांबरोबर निघालेले त्याचे कार्ड पाहावे. पंधरा टक्के रक्कम हाताशी राखावी, कारण चांगली प्रत आपल्या सोयीने बाजारात येत नाही.

शेवटची पायरी : सांभाळ

घराच्या साध्या विम्यात अशा वस्तूंची भरपाई बहुधा मर्यादित असते, त्यामुळे स्वतंत्र विमा घ्यावा. कार्डे ऊन आणि दमटपणापासून दूर ठेवावीत. अमेरिकेत वर्षाहून अधिक काळ बाळगलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो, म्हणून लिलावाची पावती, भरलेले शुल्क आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकाच फाइलमध्ये ठेवून त्या फाइलची जागा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवावी.