पोवाड्यात रॅपची जागा: शाहिराबरोबर गाणे कसे बांधावे

शाहिराचा आवाज ध्रुवपदापुरता घ्यायचा आणि बाकीचे सगळे गाणे रॅपरने व्यापायचे, ही शाहीर आणि रॅपर यांच्या एकत्र गाण्यांतली नेहमीची चूक आहे. अशा गाण्यात शाहीर शोभेपुरता उरतो. वास्तविक पोवाड्याच्या बांधणीत रॅपला जागा आधीपासूनच आहे: शाहीर चौक (पोवाड्याचा गायचा एक भाग) गातो, झीलकरी (मागून साथ देणारे गायक) ‘जी जी रं जी’ म्हणत झील ओढतात आणि दोन चौकांच्या मध्ये शाहीर गाणे थांबवून प्रसंग गद्यात सांगतो. हे निवेदन सुरात नसले तरी त्याला स्वतःची लय असते. रॅपरने आपले कडवे नेमके तिथे ठेवावे आणि गायलेल्या चौकावर शब्दांची गर्दी करू नये.

म्हणून पहिली बैठक स्टुडिओत न घेता डफ, तुणतुणे आणि झांज घेऊन समोरासमोर बसून घ्यावी. शाहिराने पूर्ण पोवाडा गावा आणि रॅपरने केवळ ऐकावे. विषय दोघांनी मिळून निवडावा. तो इतिहासातलाच असला पाहिजे असे नाही. अफझलखानाच्या वधाची घटना १६५९ सालची, आणि तिच्यावर अज्ञानदासाने पोवाडा रचला तेव्हा ती ताजीच होती. आजची घटना घेतली म्हणून परंपरा मोडत नाही.

यानंतर पट्टी ठरवावी, आणि ती शाहिराचीच असावी. तो काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी) गात असेल तर बीटमधला (रॅपखाली वाजणाऱ्या साथीतला) बास आणि सर्व वाद्ये त्याच षड्जावर म्हणजे ‘सा’वर आणावीत. तयार बीट विकत घेऊन त्यात त्याचा आवाज कोंबू नये. तुणतुण्याची तार प्रत्येक टेकपूर्वी (ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक खेपेआधी) पुन्हा लावून घ्यावी, कारण ती वाजवताना उतरते.

खरी कसोटी लयीची असते. रंगात आलेला शाहीर लय वाढवत नेतो, आणि क्लिक ट्रॅक (एकसारख्या लयीत टिकटिकणारा ठोका) कानात घालून त्याला गायला लावले तर पोवाड्यातला जोशच निघून जातो. त्यामुळे आधी डफ आणि गायन मोकळेपणाने ध्वनिमुद्रित करावे, मग त्या वादनावरून संगणकात लयीचा नकाशा तयार करावा आणि बीट त्याला जुळवून घ्यावी. रॅपचा भाग मात्र स्थिर लयीत ठेवता येतो. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत चार-चार ठोक्यांच्या १६ बारना साधारण ४३ सेकंद लागतात, आणि दोन चौकांच्या मध्ये यापेक्षा लांब रॅप मला तरी जड वाटतो. चाल आठ मात्रांची असेल तर बीट सहज बसते. सहा मात्रांची असल्यास रॅपरने शब्द तीन-तीनच्या गटांत पाडावेत.

शाहीर खड्या आवाजात, हातवारे करत गातो. माइक सुमारे ३० सेंटिमीटर दूर ठेवून पातळी सर्वांत मोठ्या तानेवर ठरवावी. ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर) त्याच्या आवाजावर लावू नये, कारण सुरातून सुरात जाणारी मींड त्यामुळे पायऱ्यांसारखी तुटते. डफाची थाप आणि बीटमधला स्नेअर (ड्रमचा कडक ठोका) एकाच ठोक्यावर आदळत असतील तर स्नेअर काढून टाकावा.

हक्कांचा लेखी करार ध्वनिमुद्रणापूर्वीच व्हावा. पारंपरिक रचनेच्या शब्दांवर कोणाची मालकी नसली तरी शाहिराच्या सादरीकरणावर त्याचा हक्क असतो: भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कलावंताचा हा हक्क ५० वर्षे टिकतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीवरही त्याचा अधिकार मान्य झाला आहे. करारात एकरकमी मानधन आणि रॉयल्टीतला वाटा वेगवेगळा लिहावा, झीलकरी आणि वादक यांचाही उल्लेख करावा, आणि गाण्याच्या शीर्षकाशेजारी शाहिराचे नाव रॅपरच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत येईल हे त्यातच नमूद करावे.