जुना निकाल नेमका कोणत्या कोर्टाचा, कसं ओळखायचं

आजोबांच्या शेताच्या कागदांत "एआयआर १९२५ नागपूर" असं काही दिसलं (एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, कोर्टांचे निकाल छापणारी मालिका) की आपण लगेच म्हणतो, नागपूर हायकोर्टाचा निकाल. थांबा, आधी वर्ष बघा. १९३६ च्या आधी इथं हायकोर्टच नव्हतं, ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट, म्हणजे त्या काळचं इथलं वरचं कोर्ट होतं, पण रिपोर्टात दोन्हीला नागपूरच लिहितात, म्हणून भलेभले फसतात. हायकोर्ट सुरू झालं ९ जानेवारी १९३६ ला, त्यामुळे त्या वर्षाचा निकाल असेल तर तारीख आणि न्यायाधीशांची नावं पण वाचाच.

मग वर अपील कुठं गेलं ते शोधा. जुनी अपिलं लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटिश राजवटीतल्या शेवटच्या अपील कोर्टाकडे जायची, घटनेचे काही प्रश्न १९३७ पासून दिल्लीच्या फेडरल कोर्टात, आणि २६ जानेवारी १९५० पासून सुप्रीम कोर्ट.

आता सगळ्यात महत्त्वाचं वळण, १ नोव्हेंबर १९५६. राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, मध्य प्रदेशचं हायकोर्ट जबलपूरला बसलं आणि आपल्याकडे मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आलं. खरं सांगतो, नागपुरातून मध्य प्रदेशची राजधानी अन् हायकोर्ट एकदम गेल्याचं मला अजून वाईट वाटते. म्हणून १९५६ नंतरचा इथला निकाल "नागपूर" खाली शोधत बसू नका, "बॉम्बे" खाली बघा. सिव्हिल लाइन्समधली घुमटाची इमारत मात्र तीच, १९४० ला उघडलेली, एकदा जाऊन बघाच.