वाघ झोपलेला असणार, हे आधीच सांगून ठेवा

डिसेंबर लागला की ऑफिसात सहलीचा विषय निघतो आणि पाच मिनिटांत पाठकोऱ्या कागदावर माळ तयार होते: वेरूळ, भद्रा मारुती, दौलताबाद, मकबरा, पाणचक्की आणि 'जाता जाता' प्राणिसंग्रहालय. आधी ही माळ खोडा. तिसरी ते पाचवीची लेकरं एका दिवसात सहा ठिकाणं बघत नाहीत, सहा वेळा बसमधून उतरतात आणि चढतात. घरी गेल्यावर आजीनं विचारलं, "काय पाहिलंस रे?" तर उत्तर येतं, "कुल्फी." आमची शाळा जिल्हा परिषदेची, अंबड तालुक्यातली. तीन-चार सहली अशा धावपळीत घालवल्यावर आम्ही ठरवलं की संभाजीनगरला जायचं ते सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयासाठीच. दुसरं ठिकाण एकच, तेही जेवणानंतरचं. ही तयारी त्याच बेताची आहे. शाळा वेगळी असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

सर्वात आधी, मुलांच्या महिनाभर आधी, तुम्ही स्वतः एकदा जाऊन या. प्राणिसंग्रहालय महापालिकेचं, मध्यवर्ती बसस्थानकाला अगदी लागून, त्यामुळं एसटीनं जाऊन दुपारी परत येता येतं. तिथं कुणी प्राण्यांची माहिती सांगतील, ती ऐकून घ्या, पण तुमची नजर भलत्या गोष्टींवर हवी. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी? तिकीट खिडकी किती वाजता उघडते, शाळेच्या पत्रावर सवलत मिळते का, आणि त्या पत्रावर काय काय लिहिलेलं लागतं? बस कुठं थांबेल? मुलींचं स्वच्छतागृह कुठं आहे, त्याला कडी आहे का, पाणी येतं का? कडी नसेल तर एक बाई दारात उभ्या राहतील, हे आजच ठरवायचं. सावलीत छत्तीस लेकरं एकत्र बसतील अशी जागा हेरून ठेवा. कोणता पिंजरा रिकामा आहे, कुठं दुरुस्ती चालू आहे, तेही वहीत टिपा. नाहीतर वर्गात आठ दिवस ज्याचं वर्णन केलं तोच प्राणी नेमका नसायचा आणि तुम्ही खोटे ठरायचे.

कागदांचं फार लांबवत नाही, ते सगळ्यांना पाठ आहेत. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, केंद्रप्रमुखांमार्फत वर जाणारा परवानगीचा प्रस्ताव, पालकांची संमतीपत्रं, मुलांची यादी. एवढंच सांगतो की संमतीपत्रावर सहीखाली दोन ओळी वाढवा: लेकराला कसली ॲलर्जी, फिट किंवा दमा आहे का, आणि गाडी लागते का. दुसऱ्या प्रश्नाला पालक खरं उत्तर देतात, पहिल्याला लाजतात. त्यामुळं पहिला प्रश्न कागदावर असला तरी आईला तोंडीही विचारावा. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं आजीजवळ असतात. आजीचा अंगठा घ्या आणि फोनवर बापाशीही बोला. या लेकरांची वर्गणी कोण भरणार, हे मुलांना कळू न देता शिक्षकांनी आपसात मिटवून टाकावं.

गाडी एसटीचीच घ्या. आगारात जाऊन 'प्रासंगिक करार', म्हणजे अख्खी बस भाड्यानं घ्यायची, म्हटलं की बाबू फॉर्म काढतो. शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत आहे, मात्र किमान किती किलोमीटरचे पैसे धरतात, अनामत किती आणि गाडी जास्त वेळ थांबली तर काय, हे तिथंच विचारून लिहून घ्यावं. डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळांना एकाच आठवड्यात जायचं असतं, तेव्हा तारीख लवकर धरा. शनिवार-रविवार टाळा. मधल्या वाराची गर्दी आणि रविवारची गर्दी यात बिबट्या दिसणं आणि पुढच्याची पाठ दिसणं एवढा फरक आहे. फक्त तिथला सुट्टीचा वार मध्ये येत नाही ना, ते पाहा.

आता खरी तयारी, म्हणजे वर्गातली. आठ दिवस, रोज अर्धा तास.

पहिल्या दिवशी शीर्षकातलं वाक्य सांगा. वाघ दिवसाचा बहुतेक वेळ आडवा असतो. जंगलातही तसाच असतो, पिंजऱ्यातही. आमच्या एका सहलीत चौथीचा एक पोरगा जाळीपाशी गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "सर, मेलाय हा." मागून दोघांनी शिट्ट्या सुरू केल्या, एकानं खडा उचलला. चूक पोरांची नव्हती. मोबाईलवर त्यांनी फक्त डरकाळ्या फोडणारा वाघ पाहिलेला, झोपलेल्या वाघाकडं काय बघायचं हे आम्ही शिकवलंच नव्हतं. आता आम्ही सांगतो: कानामागं पांढरा ठिपका आहे का ते शोध. श्वास मोज, एका मिनिटात पोट किती वेळा वरखाली होतं ते. पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे आहेत का बघ. पोरं मग आपोआप गप्प होतात, कारण मोजताना बोलता येत नाही.

पांढऱ्या वाघाबद्दलही आधीच बोलून ठेवावं, कारण तिथं पिवळे आणि पांढरे दोन्ही आहेत आणि हा प्रश्न येणारच. तो बर्फातला वाघ नाही, वेगळी जातही नाही. आई आणि बाप दोघांकडूनही तो गुण आला तरच पिल्लू पांढरं निपजतं. १९५१ मध्ये मध्य प्रदेशातल्या रीवाच्या जंगलात मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला होता, आज ठिकठिकाणच्या पिंजऱ्यांतले पांढरे वाघ बहुतेक त्याच्याच वंशातले. आणखी एक गोष्ट आमच्या पोरांना फार आवडते: मुंबईच्या राणीच्या बागेत २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली, ती आपल्या संभाजीनगरातून गेलेली. मुंबईकरांनी आपला वाघ नेला, म्हटल्यावर मागच्या बाकावरचाही मान वर करतो.

दुसरा विषय ठशांचा, आणि त्याला मी दोन दिवस देतो. गोदाकाठच्या उसात बिबट्या दिसल्याची बातमी दर हिवाळ्यात एकदा तरी व्हॉट्सॲपवर फिरते, आणि पुष्कळदा ठसा निघतो कुत्र्याचा. शाळेच्या मैदानात बारीक माती पसरा, गावातलं एखादं गरीब कुत्रं आणि जमलं तर मांजर त्यावरून चालवा. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजराच्या नाही, कारण मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. बिबट्या आणि वाघ मांजराच्याच कुळातले, ठसा तसाच गोल, चार बोटांचा, बिननखांचा, फक्त मोठा. तडसाच्या ठशात नखं दिसतात आणि पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा मोठा असतो. त्याचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांबही असतात. म्हणून तर तडस मागून उतरत्या पत्र्यासारखं दिसतं. एवढं मातीत बोटानं काढून दाखवलं की पिंजऱ्यापाशी पोरं तोंडाआधी पाय बघतात. ही गोष्ट त्यांना शेतात उपयोगी पडते, त्यामुळं बापसुद्धा ऐकून घेतो.

तिसरा विषय शिंगांचा. रोही आमच्या पोरांना नवा नाही, हरभऱ्यात रात्री हाकललेला असतो. पण शिंगं फक्त नराला असतात, आणि 'नीलगाय' म्हणत असले तरी ती गाय नाही, हे त्यांनी लक्षात घेतलेलं नसतं. रोही आणि काळवीट यांची शिंगं जन्मभर टिकतात, त्यांना फांद्या फुटत नाहीत. सांबर आणि चितळाची फांद्यांची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात. नवी येत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते. डिसेंबरात एखाद्या चितळावर ती दिसेल, तेव्हा पोरांना शोधायला लावा. मगर तोंड वासून पडलेली दिसली तर ती रागावलेली नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकतेय. सापांचं फार बोलू नका. त्या विषयात गावची पोरं तुम्हाला शिकवतील.

नियम सांगताना 'शिस्त पाळा' असं मोघम नको. प्राण्यांना खायला टाकणं, चिडवणं, आरडाओरडा करून त्रास देणं आणि तिथं कचरा करणं, याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंच मनाई आहे, असं थेट सांगा. कायदा म्हटलं की पोरं गंभीर होतात. मोठ्या माणसांचं मात्र अवघड आहे. सोबत आलेल्या एका पालकानंच माकडापुढं बिस्किट धरलं होतं, आणि पोरांनी आमच्याकडं पाहिलं. म्हणून सोबत येणाऱ्या पालकांचीही एक बैठक घ्या, चहा पाजून.

आता मोजणी. यावर कितीही लिहिलं तरी कमीच. छत्तीस मुलांना सहा मोठी माणसं, म्हणजे एकामागं सहा. सहाजणांचा गट, त्यात तीन जोड्या, आणि जोडीदार हरवला तर ओरडायचं हे जोडीदाराचं काम. मोजणी नेहमी नावानं घ्या, डोकी मोजू नका. हे आम्ही अनुभवातून शिकलो. एका वर्षी बाहेर पडताना डोकी मोजली, छत्तीस भरली, बसमध्ये बसलो. गाडी सुरू होणार तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. नाव विचारलं तर आमच्या हजेरीत नाहीच. त्या दिवशी दुसऱ्याही शाळेची सहल होती, गणवेश सारखाच, आणि पाण्याच्या नळापाशी दोन रांगा एकमेकींत मिसळल्या होत्या. आमची पाचवीतली पोरगी त्यांच्या रांगेत, तिकडं मजेत गोळ्या खात उभी. आकडा दोन्हीकडं बरोबर! तेव्हापासून प्रत्येकाच्या उजव्या दंडाला गटाच्या रंगाची फीत असते, आणि खिशात शाळेचं नाव व दोन शिक्षकांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी. नंबर पेननं हातावर लिहिला तर दुपारपर्यंत घामानं पुसतो, करून पाहिलंय. हरवलात तर चालत सुटायचं नाही, जिथं आहात तिथंच उभं राहायचं आणि गणवेशातल्या कर्मचाऱ्याला चिठ्ठी दाखवायची, याची शाळेच्या अंगणात एकदा रंगीत तालीम घ्या.

डब्याचं काम आयांवर सोडा, त्या आपल्यापेक्षा हुशार आहेत. फक्त निरोप द्या की वरण-भात नको, कालवण नको. धपाटे, दशमी, शेंगदाण्याची चटणी, सोबत पेरू किंवा बोरं. दह्याची पिशवी हमखास दप्तरात फुटते. डबे बसमध्येच ठेवायचे, आत हातात काही न्यायचं नाही. बाहेर विकत घ्यायला पैसे द्यायचे की नाही यावर दरवर्षी वाद होतो. आम्ही सगळ्यांना सारखेच वीस रुपये आणायला सांगतो, ज्याच्याकडं नाहीत त्याला शाळा देते. पाण्याचे दोन जार, स्टीलचे पेले, प्रत्येकाची बाटली वेगळी.

गाडी लागणाऱ्यांना पुढच्या बाकांवर खिडकीशी बसवा, चाकावरच्या सीटवर अजिबात नको. सकाळी रिकाम्या पोटीही नको आणि पोटभरही नको, अर्धी दशमी पुरे. लिंबं, आवळ्याच्या वड्या, कॅरीबॅगांचा गठ्ठा, एका डब्यात माती आणि जुनी चादर. प्रथमोपचार पेटीत काय असतं ते मी सांगत नाही, पण तिच्यातल्या औषधांची तारीख बघा. आमच्या पेटीतलं मलम माझ्या नोकरीपेक्षा जुनं निघालं होतं.

त्या दिवशी सहाला निघा. थंडी असते, स्वेटर-कानटोपी लागेलच. उघडल्या उघडल्या आत शिरणं महत्त्वाचं, कारण हिवाळ्यात सकाळच्या कोवळ्या उन्हाला प्राणी बाहेर येऊन बसतात. सगळे पिंजरे बघायचे नाहीत. प्रत्येक गटाला चार प्राणी वाटून द्या, एका प्राण्यापुढं पंधरा मिनिटं, वही-पेन्सिल हातात. पहिली पाच मिनिटं पोरं चुळबुळतात, सहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, "सर, ह्याची एक मिशी तुटलीय." मग पुढचं सगळं सोपं. उरलेले प्राणी चालता चालता बघायचे. तुमचा मोबाईल पिशवीत, फोटो एकाच शिक्षकानं काढायचे.

बाराला बाहेर, जेवण, आणि मग जवळचीच पाणचक्की. डोंगराकडून जमिनीखालच्या नळानं पाणी आणून त्यावर जातं फिरवलं, हे घरी जातं पाहिलेल्या पोरांना लगेच पटतं. तिथं तासभर, बस्स. मकबरा खिडकीतून दिसला तर दिसला. तीनला परत फिरायचं म्हणजे उजेडात गाव येतं.

परतीच्या वाटेत अर्धी पोरं झोपतात, त्यांना झोपू द्या, गाणी म्हणायला लावू नका. गावात उतरवताना प्रत्येकाला घरच्या माणसाच्या हातात द्यायचं आणि यादीवर खूण करायची. "मी जातो ना सर, इथंच घर आहे" याला भुलायचं नाही. शेवटी टॉर्च घेऊन सगळ्या सीटांखाली बघा. गेल्या वर्षी तिथं दोन डबे, एक कानटोपी, एकच चप्पल आणि बिबट्याच्या ठशाचं पेन्सिलीनं काढलेलं चित्र सापडलं. चित्रात नखं काढून नंतर खोडलेली होती.