पाणथळीवरून अमूर्त चित्र करताना या चुका टाळा

नांदूरमध्यमेश्वर, भिगवण किंवा ठाणे खाडी पाहून आल्यावर केलेल्या चित्रांत बहुतेकदा वर निळं, खाली हिरवट आणि मधे आडवी रेघ असते. तपशील पुसले म्हणून निसर्गचित्र अमूर्त होत नाही. आधी ती क्षितिजाची रेघ सोडा आणि काठावर मान खाली घालून पाहा. पायाजवळच्या पाण्यातून तळाचा गाळ, कुजलेलं पाणकणीस स्वच्छ दिसतं. नजर लांब गेली की तळ दिसेनासा होतो आणि पाण्यावर नुसतं आभाळ उरतं. हा बदल जिथे घडतो, त्या पट्ट्यात चित्र शोधा.

फोटोवरून काम करू नका. फोटोत रोहित पक्षी उठून दिसतात आणि कॅनव्हासवर गुलाबी ठिपके येतात. वहीत रंगांचे पट्टे टिपा. कोणता रंग किती जागा व्यापतो, एवढंच.

रंग गढूळ होण्याची तक्रार तर सगळ्यांचीच. चिखलासाठी ट्यूबमधला काळा वापरला की चित्र निर्जीव होतं. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळा. प्रमाण बदलून करडा रंग उबदार किंवा थंड करता येतो. ओल्या थरात नारिंगी-निळा, लाल-हिरवा घोटत बसू नका. थर वाळू द्या, मग वर पारदर्शक थर चढवा. अ‍ॅक्रिलिकमध्ये त्यासाठी नुसतं पाणी वाढवलं तर रंगाची पकड सुटते. ग्लेझिंग मीडियम, म्हणजे रंग पारदर्शक करणारं अ‍ॅक्रिलिकचं मिश्रण, घ्या. वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक थोडं गडद होतं, हेही धरून चाला. तैलरंगात कमी तेलाचा थर खाली, जास्त तेलाचा वर. उलट केलं तर पुढे तडे जातात.

थर फार झाले, तर आणखी रंग लावून चित्र वाचत नाही. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रं या दृष्टीने जरूर पाहा. पाणथळ हा त्यांचा विषय नव्हता, पण रोलर आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) रंग लावायचा, कागदाने तो उचलायचा, यातून त्यांच्या चित्रांत जी खोली येते, ती पाणी रंगवणाऱ्याने अभ्यासावी अशीच आहे.

आणि ब्रश धुतलेलं पाणी तिथेच ओतणं ही अक्षम्य चूक. अ‍ॅक्रिलिकमध्ये प्लास्टिक असतं, कॅडमियमचे रंग विषारी. नांदूरमध्यमेश्वर रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आहे. पाणी बाटलीत भरून परत आणा, आणि थवा उडावा म्हणून नावाड्याला होडी जवळ घ्यायला सांगू नका.