टेक्ससमध्ये रानडुकराची शिकार: नेम कुठे धरायचा, काडतूस कोणतं घ्यायचं

ऑस्टिन-ह्यूस्टनकडच्या मराठी मंडळींत थंडी पडली की कुणीतरी विचारतंच, "डुकराच्या शिकारीला जायचंय, बंदूक कोणती घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: बंदुकीचं नंतर बघू, आधी व्हिसा कोणता ते सांग.

टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर रानडुकरासाठी हंटिंग लायसन्स लागत नाही. सप्टेंबर २०१९ पासून तसा नियम आहे. एवढं ऐकून लोक खूश होतात आणि पुढचं वाचतच नाहीत. हा झाला राज्याचा नियम. फेडरल कायद्याप्रमाणे एच-१बी, एफ-१ अशा बिगरस्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, काडतुसंही जवळ बाळगायला मनाई आहे. त्यातला आपल्या उपयोगाचा अपवाद एकच: अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे डुकरासाठी नको असलेलं लायसन्स तुम्हाला बंदुकीला हात लावण्यासाठी हवं. टेक्ससचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, तुम्ही ते कधीही काढलेलं असो. ग्रीन कार्ड असेल तर ही भानगड नाही. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लायसन्सवर शिकार करायची तर हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. मोठ्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. लायसन्स लागत नसलं तरी करा. बंदूक हाताळायची शिस्त त्यात नीट शिकवतात.

आणि हे सगळं इकडचं, टेक्ससचं आहे. कोकणात भुईमूग नि सुरणाची वाट लावणारी डुकरं बघत मोठा झालेला माणूस इथे आला की त्याला वाटतं, गावी गेल्यावर हेच करू. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, तिथे हौसेची शिकार चालत नाही. विषय संपला.

टेक्ससमधली डुकरं मूळची इथली नाहीत. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात पाळीव डुकरं आणली, ती सुटून रानटी झाली. १९३० च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी युरोपातलं रानडुक्कर आणून सोडलं गेलं आणि दोन्हींचा संकर झाला. आज या राज्यात त्यांची संख्या वीस लाखांच्या वर धरतात, आणि ती एका रात्रीत मक्याचं शेत उकरून टाकतात, म्हणून शेतकरी तुम्हाला बोलावतो. फक्त हावेलिना ओळखायला शिका. दक्षिण आणि पश्चिम टेक्ससमध्ये दिसणारा हा छोटा, मानेवर फिक्या पट्ट्याचा प्राणी डुकरासारखा दिसतो, पण डुक्कर नव्हे. त्याला हंगाम आहे, मर्यादा आहे, लायसन्स लागतं. संध्याकाळच्या उजेडात शंका आली तर चापावर बोट नको.

आता नेमाचं. यातच सगळं आहे, म्हणून जरा सविस्तर.

हरणाच्या शिकारीचे व्हिडिओ बघून आलेला माणूस खांद्याच्या चार बोटं मागे नेम धरतो. हरणात तिथे फुप्फुसं असतात. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं मात्र खाली आणि पुढे, पुढच्या दोन पायांच्या मधोमध दडपून बसवलेली असतात. खांद्यामागे मारलेली गोळी फुप्फुसाच्या शेपटाला चाटून यकृतात, नाहीतर थेट कोथळ्यात जाते. डुक्कर मरतं, पण तासाभराने आणि दोन शेतं ओलांडून, आणि तुम्हाला सापडतही नाही. दुसरी फसवणूक पाठीची. पाठीवरचा उंचवटा नि राठ केस बघून वाटतं की पाठीचा कणा वरच्या कडेलाच असेल. खांद्यापाशी तो बराच खाली असतो. वरच्या भागात लागलेली गोळी कण्याच्या वरून मांसातून निघून जाते. डुक्कर कोसळतं, तुम्ही आनंदाने मित्राकडे वळता, आणि ते उठून झाडीत पसार होतं.

म्हणून जनावर पूर्ण आडवं उभं असेल तेव्हा पुढच्या पायाच्या मध्यावरून नजर सरळ वर न्या आणि छातीच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबा. नेम तिथे. गोळी खांद्याचं हाड मोडून हृदय-फुप्फुसांतून जाते आणि पुढचा पाय निकामी झाल्याने जनावर लांब जात नाही. खांद्याचं थोडं मांस वाया जातं, जाऊ द्या.

हे चित्रात बघून कळत नाही. पहिलं डुक्कर सोलताना रँचच्या (गुरांच्या मोठ्या शेताच्या) मालकाने मला सुरी थांबवायला लावली आणि खांद्यावर बोट टेकवायला सांगितलं. मोठ्या नराच्या कातड्याखाली, मानेपासून बरगड्यांपर्यंत, कुर्चेसारखा जाड थर असतो. इथले लोक त्याला शील्ड म्हणतात. जुन्या सायकलच्या टायरवर सुरी चालवावी तशी ती तिथे अडते. नर आपसात लढताना सुळ्यांचे घाव इथेच झेलतात, आणि वयाबरोबर हा थर वाढत जातो. मग त्याने छाती उघडली आणि पुढचा पाय कोपराशी दुमडून दाखवला. कोपर जिथे टेकलं, तिथेच हृदय. त्या दिवसापासून मी डुकराकडे बघताना आधी कोपर शोधतो. तुम्हालाही कुणी सोलताना बोलावलं तर रबरी हातमोजे घालून जाच, नेमबाजीच्या रेंजवरच्या चार तासांपेक्षा जास्त शिकाल.

डुक्कर तिरकं, पाठमोरं उभं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायावर नेम धरा, म्हणजे गोळी अलीकडच्या बरगड्यांतून शिरून पुढे जाते. तोंड तुमच्याकडे असेल तर थांबा. डुक्कर खाताना सतत वळत असतं, अर्ध्या मिनिटात आडवं होतं. कानामागचा बार झटक्यात मारतो आणि मांसही वाचतं, म्हणून अनुभवी लोक तोच घेतात. पण मेंदू लहान, डोकं सतत हलतं, आणि दोन इंच चुकलं की जबडा फुटलेलं जनावर उपाशी मरायला पळतं. नवख्याने हा नाद करू नये. हे माझं मत, रँचवरचे निम्मे लोक माझ्याशी भांडतील.

कळपात बार टाकताना मागे काय आहे ते बघा. गोळी आरपार जाते, मागचं दुसरं डुक्करही जखमी होतं, आणि त्याच्याही मागे कुणाची गाय असू शकते. मागे मातीचा चढ किंवा बांध असेल तरच चाप ओढायचा.

काडतुसाकडे येऊ. दुकानात लोक .२२३ की .३०८ (गोळीच्या इंचांतल्या जाडीवरून, म्हणजे कॅलिबरवरून पडलेली काडतुसांची नावं) यावर वाद घालतात. साधारण आकडे असे: .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी, म्हणजे साडेतीन ग्रॅम, नळीतून निघताना तेराशेच्या आसपास फूट-पाउंड ऊर्जा घेऊन निघते. .३०८ ची १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमची गोळी, सव्वीसशेच्या वर. म्हणजे दुप्पट. तरीही .२२३ ने डुकरं रोज मरतात आणि .३०८ ने मारलेली रोज हरवतात, कारण कोथळ्यात लागलेली गोळी कितीही मोठी असली तरी कोथळ्यातच लागलेली असते.

कॅलिबरपेक्षा गोळीची बनावट जास्त बघा. सरावाची स्वस्त काडतुसं, ज्यांत शिशावर पूर्ण तांब्याचं आवरण असतं, शिकारीला नकोत. ती न उलगडता बारीक भोक पाडून जातात. कोल्ह्या-सशांसाठीच्या गोळ्या उलट लगेच फुटतात, शील्डवर आणि हाडावर त्यांचा चुरा होतो. हवी ती गोळी अशी की जी उलगडेल पण तुटणार नाही: आवरण आणि शिसं एकमेकांना जोडलेली बाँडेड, किंवा अख्खी तांब्याची. .२२३ वापरायचीच असेल तर ५५ ते ६२ ग्रेनमध्ये या बनावटीची घ्या, आणि अंतर शंभर यार्डांच्या आत ठेवा. .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर असेल तर कोणतीही चांगली शिकारी गोळी चालते. जुनी .३०-३० लिव्हर रायफल स्वस्तात मिळाली तर नाक मुरडू नका, १७० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली गोळी) झाडीतल्या अंतराला उत्तम. .३०० ब्लॅकआउटची आवाजाहून हळू जाणारी काडतुसं सायलेन्सरबरोबर ऐकायला मजेशीर, पण नवख्याच्या हातात ती जखमी जनावरं वाढवतात. .२२ लाँग रायफल हे छोटं काडतूस तर नकोच.

तांब्याच्या गोळीचा आणखी एक फायदा ताटात आहे. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत. घरात लहान मुलं असतील तर चार डॉलर जास्त द्या.

एआर रायफल (एआर-१५ च्या घडणीची) असेल तर एक गोष्ट रेंजवर तपासा. दुर्बीण नळीच्या अडीचएक इंच वर बसते. शंभर यार्डांवर शून्य केलेली, म्हणजे तिथे नेम बरोबर जुळवलेली रायफल पंचवीस यार्डांवर सुमारे दीड इंच खाली मारते. फीडरजवळच्या (डुकरांना खाणं टाकणाऱ्या डब्याजवळच्या) मचाणावरून तेवढ्याच अंतरावर बार टाकायचा असतो, तेव्हा हे माहीत हवं. आणि बाकावर रायफल टेकवून गोळ्या उडवल्यात तर गुडघ्यावर बसून, काठीच्या आधाराने पण उडवा.

बार टाकल्यावर लगेच दुसरं काडतूस चढवा आणि दुर्बिणीतून नजर काढू नका. डुक्कर कुठे उभं होतं आणि कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं ते मनात पक्कं करा. जाड कातडं आणि चरबी जखम बंद करतात, म्हणून रक्ताचा माग हरणासारखा मिळत नाही. गोळी आरपार जावी असा आग्रह त्यासाठीच, खालच्या बाजूचं दुसरं भोक जास्त वाहतं. पडलेल्या डुकराकडे पाठीच्या बाजूने जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर अजून एक गोळी.

मांसाबद्दल थोडक्यात: ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार डुकराच्या रक्तातून माणसाला होतो, म्हणून हातमोजे सोलण्यापासून तुकडे करेपर्यंत. टेक्ससच्या उन्हाळ्यात मांस तासा-दोन तासांत बिघडायला लागतं, बर्फाच्या पेट्या गाडीत भरूनच निघा. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजलं पाहिजे. आपण कुकरला लावून वर मालवणी मसाल्यात परतवतो, त्यामुळे तिथे अडत नाही. मोठ्या म्हाताऱ्या नराचं मांस उग्र लागतं, चाळीस-पन्नास किलोच्या मादीचं सगळ्यात चांगलं. कळप समोर आला की मोठ्या सुळ्यांकडे नजर जाते, पण घरी काय शिजवायचंय ते आठवून निवड करा.