जुन्या मातीच्या तलावाची पाहणी आणि वर्गवारी

माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या जुन्या तलावाच्या भरावाची (पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाची) उंची आधी काढा. ती नदीपात्रापासून नव्हे, पायाच्या सर्वांत खालच्या पातळीपासून माथ्यापर्यंत धरतात. इथेच बहुतेकांचं चुकतं. 15 मीटरच्या वर असेल तर धरण सुरक्षा कायदा, 2021 लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीला माथा किमान 500 मीटर लांब किंवा साठा किमान 10 लाख घनमीटर, अशी एखादी अट पुरी झाली तरी लागू.

पाहणी पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा. माथ्यावरच्या भेगा, पिचिंगचे (पाण्याकडच्या उतारावरच्या दगडी अस्तराचे) निसटलेले दगड, बाभळी पाहा. झाड वाळलं की मुळं कुजतात आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं.

सगळ्यात जास्त वेळ भरावाच्या कोरड्या बाजूच्या पायथ्याला द्या. गळती बादलीत धरा: 15 लिटर 30 सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर. पाणी काचेच्या बाटलीत तासभर ठेवा. तळाशी माती बसली तर भराव आतून धुपतोय. अशी गढूळ गळती थेंबभर का असेना, त्याच दिवशी पाटबंधारे शाखेला लेखी कळवा. नितळ पाझर एकवेळ चालतो, पण तलावातली पातळी तीच असताना वाढला तर नाही.

सांडव्यात (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेत) पीक, बांध, गाळ काही नको. पाणी माथ्यावरून गेलं तर मातीचा भराव टिकत नाही.

फुटण्याची शक्यता असलेली त्रुटी वर्ग 1, तातडीच्या दुरुस्तीची वर्ग 2, किरकोळ वर्ग 3.